शेव्हेल घ्यायचीच आहे, पण कोणती?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली सतरा वर्षं मिशिगनमध्ये आहे. डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये राहतो आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करतो. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. मी आठ वर्षांचा असताना त्यांच्याकडे एका बागायतदाराच्या जुन्या शेव्हरोलेटचं काम आलं होतं. ते इंजिन दुरुस्त होऊन सुरू झालं, तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. दोन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून ही ओढ जास्तच वाढली आहे.

दोन गाड्या पाहिल्या आहेत. पहिली १९७० ची शेव्हरोलेट शेव्हेल एसएस ३९६, म्हणजे मोठ्या इंजिनाची ‘सुपर स्पोर्ट’, लाल, बॉनेटवर काळे पट्टे. डीलर म्हणतो रंग मूळचा आहे आणि गाडी ‘नंबर्स मॅचिंग’ आहे, म्हणजे कारखान्यातून जे इंजिन बसून आलं तेच आजही आहे. किंमत ६८,००० डॉलर. दुसरी त्याच सालची साधी शेव्हेल मलिबू, ३०७ इंजिनाची, हिरवी, वर काळं व्हिनाइलचं छप्पर. फ्लिंटजवळच्या एका निवृत्त आजोबांची आहे, ते २६,५०० मागतात. मन लाल गाडीवर आहे, पण त्यासाठी घरावर ४०,००० चं कर्ज काढावं लागेल. बायको म्हणते, मुलाच्या कॉलेजला दोन वर्षं उरलीत, आता हे कशाला? मुलगा माझ्या बाजूने आहे. डीलरकडे दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणे, शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. दोन्ही गाड्यांचे फोटो सोबत पाठवतो. काय करू?

— एक कोल्हापूरकर, ट्रॉय

नमस्कार.

शनिवारची वाट पाहू नका. डीलरला आजच नाही म्हणून कळवा. तुमची हौस मोडावी म्हणून हे सांगत नाही. तुम्हीच पाठवलेल्या फोटोंमध्ये या ‘नाही’चं कारण आहे, आणि काल रात्री ते फोटो मोठे करून पाहताना माझी झोप उडाली.

लाल गाडीचा सातवा फोटो उघडा. बॉनेटखाली, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर रिबेट मारलेली एक छोटी पट्टी दिसेल. गाडीची बॉडी तयार झाली तेव्हा ही पट्टी कारखान्यात लागली. तिच्या कोपऱ्यात ०२सी असं आहे. ०२ म्हणजे फेब्रुवारी, सी म्हणजे तिसरा आठवडा. ही बॉडी फेब्रुवारी १९७० च्या तिसऱ्या आठवड्यात बनली. आता अकरावा फोटो पाहा, इंजिनाचा. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या बाजूच्या हेडच्या अगदी पुढे, ब्लॉकची एक सपाट जागा असते. त्यावर शिक्का आहे टी०४१६ आणि पुढे तीन अक्षरं. टी म्हणजे टोनावांडा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळचा शेव्हरोलेटचा इंजिनांचा कारखाना. तिथवर ठीकच आहे, त्या काळची शेव्हरोलेटची मोठी व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरची, इंजिनं तिथेच जुळवली जात. पण ०४१६ म्हणजे १६ एप्रिल. फेब्रुवारीत बनलेल्या गाडीत एप्रिलमध्ये जुळवलेलं इंजिन कारखान्यात बसेलच कसं? मुलगा आईच्या आधी जन्मला म्हणण्यातला हा प्रकार झाला.

इंजिन नंतर कधीतरी बदललं असेल, असं कुणी म्हणेल. बदलतात लोक. साठ-सत्तरच्या दशकातल्या पोरांनी ही इंजिनं बेफाम पिदडली. अनेक फुटली, अनेक बदलली गेली, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण बदललेल्या इंजिनावर या गाडीचा नंबर (कारखान्याने दिलेला, नंबरप्लेटचा नव्हे) नसतो. वॉरंटीत बदलून दिलेल्या ब्लॉकवर तर शेव्हरोलेट ‘सीई’ असा वेगळाच शिक्का मारत असे. तुमच्या फोटोत मात्र तारखेशेजारी गाडीचा अर्धा नंबरही आहे, १०बी आणि पुढे सहा आकडे. यातला १ शेव्हरोलेटचा, ० साल १९७० चं, बी बाल्टिमोरच्या कारखान्याचा, आणि बाकीचे आकडे डॅशबोर्डवरच्या नंबरशी अगदी बरोबर जुळतात. एप्रिलमध्ये बनलेल्या ब्लॉकवर फेब्रुवारीच्या गाडीचा नंबर आला कुठून? नंतर कुणीतरी मारला.

ती सपाट जागाच नीट पाहा. तुम्ही स्वतः मशीनच्या कामातले, वडील लेथवरचे, तेव्हा तुम्हाला हे दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळेल. कारखान्यात ही जागा ब्रोचिंग करून, म्हणजे दातेरी हत्याराने तासून, सपाट केली जात असे. त्या हत्याराच्या बारीक समांतर रेघा पुढून मागे सरळ गेलेल्या असतात, केसासारख्या, आणि शिक्क्याचे आकडे त्या रेघांवर उमटलेले दिसतात. तुमच्या फोटोत एकही रेघ नाही. जागा आरशासारखी गुळगुळीत आहे आणि आकड्यांच्या कडा ताज्या आहेत. जुनं घासून नवं मारलेलं दिसतं आहे. हे डीलरनेच केलं असं मी म्हणणार नाही. पन्नासहून अधिक वर्षांत ही गाडी किती हातांतून गेली असेल कोण जाणे, कदाचित त्यालाही कुणी असंच विकलं असेल. पण ‘नंबर्स मॅचिंग’ या दोन शब्दांसाठी तो तुमच्याकडून जे जास्तीचे हजारो डॉलर मागतो आहे, ते मागण्याचा आधार त्याच्याकडे नाही.

रंगाचंही तसंच. त्याच पट्टीवर रंगाच्या जागी ४८ लिहिलं आहे. १९७० मध्ये ४८ म्हणजे फॉरेस्ट ग्रीन. डीलर ज्याला मूळचा रंग म्हणतो तो क्रॅनबेरी रेड, त्याचा आकडा ७५. म्हणजे ही लाल गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा आजोबांच्या मलिबूसारखीच हिरवी होती. रंग बदलणं हा गुन्हा नाही. बदललेल्या रंगाला मूळचा म्हणणं मात्र खोटं आहे.

आता मुळात ती एसएस तरी होती का? हे मला ठामपणे सांगता येत नाही, आणि डीलरलाही येणार नाही. १९६६ ते १९६८ या तीन सालांत एसएस ३९६ हे वेगळं मॉडेल होतं, नंबर १३८ ने सुरू व्हायचा आणि कुणालाही काचेतून वाचून कळायचं. १९६९ पासून एसएस हा जास्तीचे पैसे भरून घ्यायचा ऑप्शन झाला. त्यामुळे १९७० च्या व्ही-८ मलिबू कूपेचा (दोन दारांच्या गाडीचा) नंबर १३६३७ ने सुरू होतो आणि एसएसचाही १३६३७ नेच. नंबर पाहून दोघींत फरक करताच येत नाही. बिल्ले, पट्टे, गोल घड्याळांचा डॅशबोर्ड, बारा बोल्टचं मागचं डिफरन्शियल, पुढचे डिस्क ब्रेक हे सगळं एसएसबरोबर यायचं खरं, पण आज यातली प्रत्येक वस्तू घरपोच मागवता येते. साध्या मलिबूची एसएस करायला एक हिवाळा पुरतो.

तुम्ही कदाचित विचाराल, लोक एवढा खटाटोप का करतात? त्याचं उत्तर १९७० या सालातच आहे. १९६४ साली शेव्हरोलेटसारख्याच जनरल मोटर्सच्या असलेल्या पॉन्टियाकने टेम्पेस्ट-लमान्स या मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचं मोठं इंजिन घालून तिला जीटीओ म्हटलं. जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी या आकाराच्या गाड्यांमध्ये एवढं मोठं इंजिन घालू नये असा नियम केला होता. पॉन्टियाकच्या मंडळींनी, त्यांत तेव्हाचे मुख्य अभियंता जॉन डेलोरियन होते, ते इंजिन ‘ऑप्शन’ म्हणून देऊन नियमातून वाट काढली. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर जीटीओ गेल्या आणि मग प्रत्येक कंपनी त्या शर्यतीत उतरली. पुढे जनरल मोटर्सची मर्यादा ४०० घनइंचांवर गेली आणि १९७० ला तीही उठली. म्हणून त्या वर्षी शेव्हेलमध्ये ४५४ घनइंचांचं इंजिन आलं, आणि त्यातलं एलएस-६ तर ४५० अश्वशक्तीचं होतं. १९७१ ला कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून जनरल मोटर्सने सगळ्या इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. विमा कंपन्यांनी तरुण मुलांचे हप्ते आधीच डोईजड करून ठेवले होते, आणि १९७३ च्या तेलबंदीने उरलंसुरलं संपवलं. अशी १९७० ची शेव्हेल त्या सगळ्या चढाईच्या टोकावर उभी आहे. म्हणून तिला मागणी, आणि मागणी आहे म्हणून नकला.

दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांना निदान कागदाचा आधार मिळतो. पॉन्टियाकच्या मूळ बिलांच्या नोंदी जपल्या गेल्या आहेत, पैसे भरले की तुमच्या गाडीची नक्कल हातात येते. फोर्डचा १९६७ पासूनचा तपशील मार्टी रिपोर्टमधून मिळतो. क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथमध्ये गाडीच्या नंबरातलं पाचवं अक्षरच इंजिन कोणतं ते सांगतं. अमेरिकेत विकलेल्या शेव्हेलला यातलं काहीच नाही. तिच्या बाबतीत जे काही आहे ते गाडीबरोबर आलेल्या कागदात. बिल्डशीट म्हणजे कारखान्यातल्या कामगारांसाठी छापलेला तक्ता. तो पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकून राहिलेला कधीकधी सापडतो. खिडकीवरचा मूळ किमतीचा कागद असतो. आणि प्रोटेक्ट-ओ-प्लेट, वॉरंटीच्या पुस्तिकेत चिकटवलेली पत्र्याची छोटी आयताकृती प्लेट. तिच्यावर गाडीचा नंबर आणि इंजिनाचं कोड ठोकलेलं असतं. यातलं एकही नसताना ‘एसएस’ म्हणून सांगितलेली १९७० ची गाडी मी तरी मलिबूच समजते आणि मलिबूच्याच भावाने तोलते. तुमच्या डीलरकडे कागद काय आहेत, तर ‘पूर्वीच्या मालकाने सांगितलं’. हे तुम्हीच पत्राच्या पुरवणीत लिहिलं आहे.

माझा एवढा आग्रह का, तेही सांगते. २००८ साली आम्ही दोघांनी ओहायोमधून १९६९ ची शेव्हरोलेट कमारो घेतली. मी स्वतः तीस वर्षं पत्र्याच्या डायच्या कामात होते. गाडीचा पत्रा कसा वळतो, कुठे ताणला जातो, कुठे गंज धरतो हे माझं रोजचं काम. तरी त्या दिवशी दुपारच्या उन्हात तिचा निळा रंग पाहिला आणि मी बाकी काही पाहिलंच नाही. गाडी घासूनपुसून, टायर काळे करून ठेवली होती. आम्ही दीड तासात पैसे दिले. पहिला हिवाळा तिने गॅरेजमध्येच काढला, रस्त्यावर गेलीच नाही. मार्चमध्ये कापड काढलं तेव्हा मागच्या डाव्या चाकामागे रंगाला तीन फोड आले होते, वाटाण्याएवढे. मी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं. पत्रा ठण् वाजतो, तो ढप् वाजला. फोड खरवडला, लांबी निघाली, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी. खरवडत गेले, लांबीच निघत राहिली. बोटाच्या पेराएवढ्या जाडीची लांबी, तिच्या आत पक्ष्यांच्या पिंजऱ्याची असते तशी जाळी, आणि जाळीच्या मागे काहीच नाही. दुसऱ्या बाजूला डिकीतला गालिचा दिसत होता. माझे यजमान तेव्हा काही बोलले नाहीत, मला खुर्ची आणून दिली. ती गाडी सरळ करायला आम्हाला चार वर्षं लागली आणि गाडीच्या किमतीएवढेच पैसे पुन्हा गेले.

तेव्हा आता मलिबूकडे वळू, आणि तिच्याकडेही याच डोळ्यांनी पाहू.

तिच्या बाजूची पहिली गोष्ट अशी की मलिबूची नक्कल कुणी करत नाही. ३०७ घनइंच, २०० अश्वशक्ती, दोन गिअरची पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्रम ब्रेक. यात खोटं बोलून कुणाला काही मिळायचं नाही. आजोबांनी जे सांगितलं ते तसंच असण्याची शक्यता मोठी. दुसरी, तिची बॉडी, फ्रेम, दारं, काचा, बसायची जागा सगळं एसएसचंच आहे. चालवताना काचेतून दिसणारा बॉनेटही तेवढाच लांब, फक्त त्यावर एसएसचा फुगवटा नाही. आणि ३०७ हे शेव्हरोलेटच्या १९५५ पासून चालत आलेल्या स्मॉल ब्लॉक घराण्यातलं इंजिन. त्याचे भाग या देशात वाण्याच्या दुकानात मिळावेत तितके सहज मिळतात. कॉम्प्रेशन कमी असल्याने साध्या पेट्रोलवर चालतं, ३९६ ला महागडं प्रीमियम लागतं. उद्या मुलाला जास्त ताकद हवी झालीच, तर त्याच बैठकीवर ३५० बसतं. फक्त मूळचं इंजिन विकू नका, गॅरेजच्या कोपऱ्यात नीट झाकून ठेवा.

पण मलिबू हिरवी आणि आजोबा सज्जन एवढ्यावर पैसे देऊ नका. तिच्या चौथ्या फोटोत मागच्या काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात व्हिनाइलला फुगवटा दिसतो आहे. या गाड्यांचं हे जुनं दुखणं. व्हिनाइलच्या खाली ओल राहते, काचेच्या पन्हळीत पाणी साचतं, पन्हळ गंजून भोक पडतं आणि मग ते पाणी गुपचूप डिकीत ठिबकत राहतं. डिकीतलं मॅट उचला. सुट्या चाकाखालची जागा, दोन्ही बाजूंच्या खोलगट भागांचे तळ, हात घालून चाचपडा. हाताला खवले लागले तर समजा पाणी आत येतं आहे.

फ्रेमकडे त्याहून जास्त लक्ष द्या. शेव्हेलची बॉडी वेगळी आणि खालची फ्रेम वेगळी. पत्रा बदलता येतो, पण फ्रेम गेली की गाडी गेली. मागच्या चाकांच्या पुढे-मागे, जिथे फ्रेम वर उचलली जाते आणि आडवे दांडे बसतात, तिथे माती आणि मीठ अडकून बसतं. डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आजही चालू असलेली, आणि रस्त्यावर टाकायचं मीठ तिथून निघतं. मिशिगनमध्ये जन्म काढलेल्या गाडीने ते किती हिवाळे खाल्लं, हा तुमचा आजोबांना पहिला प्रश्न असायला हवा. ओळखीच्या कुठल्याही गॅरेजमध्ये तासाभरासाठी लिफ्ट मागा, हातोडीने फ्रेमवर टकटक करत पुढून मागे जा. आवाज बसका आला की थांबा, टोचून पाहा. ऋतू उलटून गेलेल्या फणसावर बोट मारतो तसंच हे, कानाला लगेच कळतं. उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला मी अधिक काय सांगू.

एक लोहचुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा म्हणजे रंगाला ओरखडा जायचा नाही. मागच्या चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा भाग, सगळीकडे फिरवा. जिथे पकडत नाही तिथे लांबी आहे. थोडी लांबी असणारच, पन्नास वर्षांच्या गाडीला कुठेतरी ठोकर लागलेलीच असते. हाताच्या पंजाहून मोठी जागा सापडली तर मात्र भाव पुन्हा बोलायचा. काचेच्या पन्हळीचं काम निघणारच आहे, तेव्हा २६,५०० तून त्याचे पैसे वजा करून मागा. आजोबांना तो फुगवटा दाखवूनच मागा, त्यांनाही पटेल.

डॅशबोर्डवरच्या नंबराच्या पट्टीचे रिबेटही पाहा, काचेतून दिसतात. जनरल मोटर्सचे ते फुलाच्या आकाराचे असतात, सहा पाकळ्यांचे. साधे गोल रिबेट दिसले तर तिथूनच परत या. ती पट्टी काढणं किंवा बदलणं हा इथे केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशी गाडी उद्या जप्त झाली तर पैसे कुणाकडे मागणार? टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, नंबर अन् पट्टीवरचा नंबर एकेक अक्षर बोट ठेवून ताडून घ्या. टायटल आजोबांच्याच नावावर असावं, मधल्या कुणाच्या नाही.

कर्जाबद्दल मी एका वाक्यात सांगणार होते, पण तुमच्या पत्नीचं वाक्य वाचून थांबले. त्यांनी गाडीला विरोध केलेला नाही. त्यांनी ‘आता’ला विरोध केला आहे. घर तारण ठेवून घेतलेली गाडी कितीही सुंदर असली, तरी दर महिन्याचा हप्ता जाताना त्या घरातल्या दुसऱ्या माणसाला ती सुंदर दिसत नाही. आमच्याकडे त्या चार वर्षांत हे झालं. बोलायचे विषय कमी झाले, गॅरेजचं दार बंद ठेवायची सवय लागली. मलिबू कर्जाशिवाय येते. आधी दोघं बसा, मुलाच्या कॉलेजचा पैसा वेगळ्या खात्यात बाजूला काढा, उरलेल्यातून गाडीची किंमत आणि वर किमान सात-आठ हजार डॉलर पहिल्या वर्षासाठी ठेवा. टायर, ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप पहिल्या महिन्यातच बदला. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा एक थेंब पुरतो. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकचा संच बसवून घ्या. त्यासाठी काही कापावं लागत नाही, बोल्टवर बसतो, आणि मूळचे ड्रम जपून ठेवता येतात. हे सगळं बसत नसेल तर यंदा गाडी घेऊ नका. आजोबांना तसं सांगा, थांबतील तर थांबतील.

विमा घेताना ‘अॅग्रीड व्हॅल्यू’चा घ्या, म्हणजे दोघांनी आधी ठरवलेली रक्कम नुकसान झाल्यावर पूर्ण मिळते. साधा विमा तिला पन्नास वर्षं जुनी गाडी म्हणून भंगाराच्या भावाने मोजेल. मिशिगनमध्ये २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट मिळते. तिच्यावर रोज कामाला जाता येत नाही, क्लबचे कार्यक्रम, मिरवणुका, प्रदर्शनं एवढ्यापुरतीच मुभा असते. पण ऑगस्ट महिनाभर हवी तशी चालवता येते. आणि वुडवर्ड अॅव्हेन्यूवरची ती मोठी फेरी, १९९५ पासून चालत आलेली, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारीच असते. तुम्ही ट्रॉयचे, दोन-चार मैलांवर वुडवर्ड. फर्नडेलपासून पॉन्टियाक शहरापर्यंत हजारो जुन्या गाड्या, रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेली माणसं, हवेत पेट्रोलचा वास. तिथे मी आजवर पाहिलं ते हे, की लोक चकचकीत एसएसभोवती फोटो काढतात आणि साध्या मलिबूपाशी थांबून गप्पा मारतात. ‘माझ्या आईकडे हीच होती’ असं म्हणणारा एक तरी माणूस दर अर्ध्या तासाला भेटतो.

मुलाबद्दल एक सांगते. सोळाव्या वर्षी त्याला या गाडीची किल्ली एकट्याला देऊ नका. एअरबॅग नाहीत, ब्रेकला एबीएस नाही, खांद्यावरचा पट्टा वेगळा अडकवावा लागतो म्हणून लोक तो लावतच नाहीत. तुम्ही शेजारी बसा, पट्टा लावून, आणि रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर त्याला चालवू द्या. त्याआधी मात्र त्याला गाडीखाली झोपवा. कार्बोरेटर उघडून टेबलावर मांडायला लावा, इग्निशनच्या पॉइंट्समधलं अंतर फीलर गेजने, म्हणजे पातळ मापपट्टीने, मोजायला शिकवा. ती मापपट्टी घेऊन तुमचे वडील कसे झुकायचे ते तुम्हाला आठवतच असेल, त्याला ते दाखवायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

वडिलांच्या वर्कशॉपात जी शेव्हरोलेट आली होती तीही बहुधा कुठली एसएस नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवल्या, पुढे १९५० च्या दशकात ते काम बंद झालं. आपल्याकडे ज्या जुन्या शेव्हरोलेट फिरल्या त्या बहुतेक साध्या चार दारांच्या, घराच्या आणि टॅक्सीच्या. तुमच्या कानात जो आवाज राहिला तो साध्या गाडीचा आहे.

रविवारी आजोबांकडे जाल तेव्हा पत्नीलाही बरोबर न्या, आणि गाडीच्या आधी ग्लोव्ह बॉक्स उघडून पाहा. वॉरंटीची पुस्तिका असेल तर तिच्या आतल्या पानावर ती पत्र्याची प्लेट चिकटलेली आहे का बघा. असली तर त्यावरचे आकडे जसेच्या तसे उतरवा. बॉडीच्या पट्टीचा आणि इंजिनावरच्या सपाट जागेचा फोटो तिरप्या उजेडात काढा, टॉर्च बाजूने धरा म्हणजे रेघा दिसतात. त्या जागेवरचा मळ रॉकेलच्या फडक्याने पुसा, तारेचा ब्रश लावू नका. दोन्ही फोटो आणि ते आकडे मला पाठवा, सोमवारी संध्याकाळी पाहून कळवते.